जुना वाद्यमेळ, नवा गळा



या सदराचा शिरस्ता तुम्हाला ठाऊक आहे. आपण ज्या गावात येऊन राहिलो, त्या बर्मिंगहॅमची एक गोष्ट दरवर्षी दिवाळीला सांगायची. कालवे सांगून झाले, बाल्टी सांगून झाली, गेल्या वर्षी बोर्नव्हिलची चॉकलेट फॅक्टरी झाली. यंदा विषय शोधावा लागला नाही. तो ब्रॉड स्ट्रीटवरून मिरवणुकीनेच आला.

२२ जुलैला ऑझी ऑस्बर्न गेला. त्याआधी सतराच दिवस, ५ जुलैला, अ‍ॅस्टनच्या व्हिला पार्कवर त्याने सिंहासनात बसून आपला शेवटचा कार्यक्रम केला होता. ब्लॅक सॅबथ या बँडचे मूळ चौघेही त्या दिवशी वीस वर्षांनी एका मंचावर आले. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा निघाली. पुढे ब्रास बँड आणि मागे गाड्या. कालव्यावरच्या ज्या पुलाला बँडचं नाव दिलंय, तिथे फुलांचा ढीग लागला होता. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र 'आज कुठला रस्ता बंद आहे' याचीच चौकशी जास्त झाली. त्यात नवल नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हेवी मेटल म्हणजे भंगारवाल्याची हातगाडी उतारावरून सुटल्यासारखं वाटतं. त्यांनीही कृपया पान उलटू नये. शेवटी मी आपल्या दिवाळी पहाटेवरच येणार आहे.

ऑझीबद्दल जगभर लिहून झालं. मला सांगायचंय ते त्याच्या बँडने त्याच्याशिवाय केलेल्या पहिल्या अल्बमबद्दल. 'हेवन अँड हेल', साल १९८०. अकरा-बारा वर्षं एका आवाजावर उभा राहिलेला बँड, तो आवाज गेला, आणि त्या जागी दुसराच माणूस येऊन उभा राहिला. पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

माझ्याकडे हे संगीत भिंतीपलीकडून आलं. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अ‍ॅस्टनमधल्या कारखान्यांत काढली. माझा मुलगा शाळेत गिटार शिकायला लागला, त्याचा रियाझ भिंतीतून त्यांच्या कानांवर गेला, आणि तक्रार येईल म्हणून मी घाबरून असताना ते स्वतःच रेकॉर्डचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. 'वाजवतोच आहे तर नीट वाजवू दे,' म्हणाले. त्यांच्याकडे ब्लॅक सॅबथच्या आठ रेकॉर्ड आहेत, १९७० पासून १९७८ पर्यंतच्या. नववी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, 'ती चांगली आहे म्हणतात.' पंचेचाळीस वर्षांत त्यांनी ती घरात आणलेली नव्हती. मग मला ती ऐकावीशी वाटलीच.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. हा बँड १९६८ मध्ये अ‍ॅस्टनच्या चार पोरांनी काढला. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बास गिटारवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि गायला ऑझी. चौघेही कामगार वस्तीतले. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं प्रेसखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. सगळं संपलं असं वाटत असताना कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो युरोपातला नामवंत गिटारवादक होता. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा दाबताना दुखू नये म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे तर त्याने गिटारच्या तारा ढिल्या सोडल्या. आपल्या भाषेत, पट्टी उतरवली. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत ती चांगली दीड स्वर उतरलेली आहे. त्या उतरलेल्या, जडशीळ आवाजाला पुढे हेवी मेटल म्हणू लागले. पट्टी उतरवणं म्हणजे कमीपणा, असं मानणाऱ्या गायक मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मी पुढे त्याची आठवण करून देणार आहे.

आता या संगीताची रचना. त्याच्या मुळाशी 'रिफ' असते, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारी छोटी सुरावट. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात ना, साधारण तशी. फरक एवढाच की लेहरा तबल्याच्या पाठीशी राहतो आणि रिफ यजमान असते. ऑझीची गायची पद्धत अशी की तो रिफच्या पावलावर पाऊल टाकून गायचा. त्यांचं 'आयर्न मॅन' ऐका. गिटार जे म्हणते, तेच ऑझी म्हणतो. त्याचा गळा फार फिरत नसे, पण त्या सरळ, करुण आवाजात अशी काही हाक होती की ऐकणाऱ्याला वाटे, हा आपल्याच गल्लीतला कुणी बोलावतोय. बहुतेक शब्द गीझर बटलर लिहायचा. चौघांचं काम असं वाटून गेलेलं होतं आणि ते इतकी वर्षं चाललंही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ते चालेनासं झालं. दारू आणि ड्रग्ज चौघांच्याही मागे लागली होती. १९७६ आणि १९७८ चे अल्बम फिके पडले. १९७९ मध्ये नव्या गाण्यांसाठी मंडळी लॉस एंजेलिसला घर घेऊन राहिली, पण गाणं काही पुढे सरकेना. शेवटी एप्रिलमध्ये ऑझीला काढायचं ठरलं. तो निरोप सांगायचं काम कुणावर आलं असेल? बिल वॉर्डवर, म्हणजे बँडमधल्या त्याच्या सगळ्यांत जवळच्या मित्रावर. काही काळ गीझर बटलरही घरच्या अडचणींमुळे निघून गेला होता. म्हणजे आयोमी आणि वॉर्ड असे दोघेच उरले. बँडचं नाव मोठं आणि घरात माणसं दोन. आपल्याकडे गणपतीला गेलं की कोकणातली काही घरं अशी दिसतात.

त्या घरात रॉनी जेम्स डिओ आला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड नावाच्या लहान गावात वाढलेला, इटालियन वंशाचा, शरीराने अगदी लहानखुरा. तो नवा होता, पण नवखा नव्हता. त्याआधी 'रेनबो' या बँडमध्ये त्याचं नाव झालेलं होतं, आणि १९४२ चा जन्म म्हणजे वयाने तो तिथल्या सगळ्यांपेक्षा मोठा. गाणं असं तो कुणाकडे शिकलेला नव्हता. लहानपणापासून ट्रम्पेट वाजवायचा, आणि आपल्या गाण्यातला दमसास त्या फुंकण्यातून आला असं तो सांगायचा. ऐकताना पटतंच. एकेका शब्दावर असा काही उभा राहतो की आपणच आपला श्वास मोजायला लागतो.

पहिल्याच भेटीगाठीत आयोमीने त्याला एक अर्धवट सुरावट ऐकवली, आणि डिओने तिथल्या तिथे तिच्यावर गाणं बांधलं. तेच पुढे 'चिल्ड्रन ऑफ द सी' झालं. गीझर नसल्याने शब्दही डिओच लिहू लागला. बर्मिंगहॅमचाच जेफ निकल्स मदतीला आला. आधी तो बास सांभाळायचा, गीझर परतल्यावर कीबोर्डवर गेला. मायामी आणि पॅरिस इथल्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रण झालं. आणखी एक गोष्ट आयोमीने केली, ती मला फार शहाणपणाची वाटते. आधीचे अल्बम तो बहुतांशी स्वतःच्या देखरेखीखाली करत होता. या वेळी त्याने निर्मितीची जबाबदारी मार्टिन बर्च या बाहेरच्या माणसाकडे सोपवली. बर्चने डिओबरोबर आधीही काम केलेलं होतं. नवा माणूस एकटा पडू नये, त्याचा आवाज ओळखणारं कुणीतरी समोर असावं, असा विचार त्यामागे होता की नाही कोण जाणे, पण परिणाम तोच झाला.

खरी गंमत गाण्यांच्या घडणीत आहे. आयोमीने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की ऑझी रिफबरोबर गायचा आणि डिओ रिफला छेद देऊन गायचा. वाचायला साधं आहे, पण हा फरक एखाद्या घराची भिंत काढून तिथे व्हरांडा करण्याएवढा आहे. गायक सुरावटीच्या आडवा-तिडवा जाणार असेल, तर सुरावटीने त्याला जागा द्यायला हवी. म्हणजे गिटारने सतत बोलणं थांबवायला हवं.

शीर्षकगीतच घ्या, 'हेवन अँड हेल'. जवळजवळ सात मिनिटांचं आहे. सुरुवातीला आयोमीची ती थोरली, संथ रिफ येते. दिवाणखान्यात हत्ती आल्यासारखी. आणि मग डिओ गायला लागतो, तेव्हा हत्ती बाजूला होतो. उरतो फक्त गीझरचा एकसारखा धडधडत राहणारा बास आणि ड्रम. त्या मोकळ्या अंगणात आवाज एकटा फिरतो. गिटार अधूनमधून डोकावते, जसा चांगला पेटीवाला गायकाच्या दोन ओळींमध्ये डोकावतो. शेवटी लय चढत जाते, सगळं धावायला लागतं, आणि सगळ्यात शेवटी साध्या, विजेशिवायच्या गिटारवर दोन क्षणांची शांतता येते. ज्याने हेवी मेटलचा आवाज घडवला, तो आयोमी एका नव्या गायकासाठी मध्येच गप्प बसतो. मला तरी या अल्बममधली सगळ्यांत मोठी गोष्ट ती गप्प बसलेली गिटार वाटते.

ज्यांना ऐकून बघायचंय त्यांच्यासाठी सोपा क्रम सांगते. अल्बममध्ये आठच गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत आटोपतात. पोळ्या होतात तेवढ्यात. 'निऑन नाइट्स' पहिलं आहे, पण ते फार वेगात धावतं, तिथून सुरुवात करू नका. आधी 'चिल्ड्रन ऑफ द सी' ऐका. सुरुवातीला बोटांनी छेडलेली शांत गिटार आणि तितकाच मऊ आवाज, मग लाट फुटावी तसा सगळा मेळ एकदम येतो, आणि मध्ये मठातल्या प्रार्थनेसारखं समूहगान. मग शीर्षकगीत. मग शेवटचं, 'लोनली इज द वर्ड'. ते संथ आहे, त्यात आयोमीची गिटार गात राहते आणि डिओ तिला जागा देतो. म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी आहे. हे तीन पचले की मग बाकीच्या पाचांना हात घाला.

अल्बम एप्रिल १९८० मध्ये आला आणि इथल्या विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. पण विकली जाणारी रेकॉर्ड वेगळी आणि समोर बसलेले श्रोते वेगळे. कार्यक्रमांत लोक ऑझीच्या नावाने ओरडायचे. अशा लोकांपुढे गायला उभं राहायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. ऑझी मंचावरून दोन बोटं वर करून शांतीची खूण करायचा, ती त्याची ओळखच झाली होती. डिओने ठरवलं की ती खूण आपली नव्हे, ती त्याची. पण लोकांशी जोडून घ्यायला आपलंही काहीतरी हवं. तेव्हा त्याला आठवली ती त्याची इटालियन आजी. वाईट नजर लागू नये म्हणून ती तर्जनी आणि करंगळी ताठ करून शिंगांसारखी खूण करायची. म्हणजे चक्क दृष्ट काढायची! डिओ मंचावरून तीच खूण करू लागला, लोक उलट करू लागले, आणि आज जगातल्या कुठल्याही रॉक मैफिलीत पोरंपोरी हात वर करून जी शिंगं दाखवतात, ती प्रामुख्याने त्याच्यामुळे पसरली. मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आज्यांना हे कळलं असतं तर त्यांनी या संगीताकडे जरा प्रेमाने पाहिलं असतं. दुसऱ्याची खूण न उचलता त्याने स्वतःच्या घरातली खूण आणली, हे मला फार आवडतं.

अर्थात सगळ्यांना ते जमलं असं नाही. बिल वॉर्ड तेव्हा दारूच्या पूर्ण कह्यात होता, आणि ऑझीशिवायच्या मंचावर बसणं त्याला सोसेना. ऑगस्ट १९८० मध्ये, दौरा चालू असतानाच, तो बँड सोडून निघून गेला. त्याच्या जागी विनी अ‍ॅपिसी आला. वॉर्ड वाईट होता किंवा हेकट होता असं मला म्हणवत नाही. ज्याने मित्राला 'तू नकोस' हा निरोप सांगितला, त्याने त्याच मित्राच्या रिकाम्या जागेमागे रोज रात्री बसून ड्रम वाजवायचे. काही जणांचं दुःख अशा वेळी कामाच्या आड येतं. ते येऊ शकतं, एवढं तरी आपण मान्य करावं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका बँडवर याहून कठीण वेळ आली. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. त्यांनी इंग्लंडच्या ईशान्येकडचा ब्रायन जॉन्सन आणला आणि जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' काढला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, गेलेल्या मित्राच्या शोकाचं. तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एक ठरला. उलट उदाहरणही आपल्याच परिसरातलं आहे. वेस्ट ब्रॉमिचच्या जूडास प्रीस्टने रॉब हॅलफर्ड गेल्यावर टिम ओवेन्स हा अमेरिकन गायक घेतला. तो आधी जूडास प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये गात होता. गळा अचाट होता, १९९७ मध्ये अल्बमही आला. पण लोक त्याच्यात हॅलफर्ड शोधत राहिले आणि २००३ मध्ये हॅलफर्डच परत आला. ज्याला आधीच्यासारखा म्हणून आणलं, त्याला आधीचा परत येईपर्यंतच जागा मिळाली.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. 'कट्यार काळजात घुसली' म्हटलं की ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे १९६७ चे खाँसाहेब, म्हणजे वसंतराव देशपांडे येतात. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले. पण तिथे पदं तीच असतात, ऐकणारा शेजारी शेजारी ठेवून तोलतोच. ब्लॅक सॅबथने नव्या गळ्याला जुन्या पदांवर तोलायला न देता आधी त्याच्यासाठी नवी पदं बांधली.

पुढचं थोडक्यात. डिओ १९८२ मध्ये भांडून गेला, १९९२ च्या अल्बमसाठी परतला, पुन्हा गेला. मधल्या काळात बरेच गायक आले-गेले. २००६ मध्ये आयोमी, बटलर, डिओ आणि अ‍ॅपिसी पुन्हा एकत्र आले, तेव्हा ब्लॅक सॅबथ हे नाव ऑझीसह असलेल्या बँडसाठी राखून ठेवायचं म्हणून त्यांनी दुसरं नाव घेतलं. कोणतं? 'हेवन अँड हेल'. ज्या अल्बमला लोक पाहुण्याची खोली म्हणत होते, ते एका घराचं नाव झालं. मे २०१० मध्ये डिओ पोटाच्या कर्करोगाने गेला. यंदा व्हिला पार्कवर त्या चौघांनी मिळून वाजवलेली चारही गाणी ऑझीच्या काळातली होती, आणि तसंच व्हायला हवं होतं. तो दिवस ऑझीचा होता. म्हणून नवव्या रेकॉर्डचं मी इथे लिहितेय.

शेजारच्या आजोबांना मी ऑगस्टमध्ये चहाला बोलावलं, तेव्हा मुलाने मुद्दाम शीर्षकगीत लावलं. ते बोलले नाहीत. गाणं मधल्या मोकळ्या जागेत आलं तेव्हा त्यांची बोटं टेबलावर चालायला लागली. संपल्यावर एवढंच म्हणाले, 'बास मात्र गीझरचाच आहे.' मला वाटतं, पंचेचाळीस वर्षांनी त्यांना कळलं की घरातली माणसं तिथेच होती.

आता आपल्याकडे येते.

लग्नाआधी मी नाशिकला एका शाळेत मराठी शिकवत होते. दुसऱ्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, नववीचा एक वर्ग माझ्याकडे आला. आधीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या धडा वाचताना प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढायच्या, मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून आलं, 'बाई, आवाज काढा ना!' मी म्हटलं, 'ते बाईंचं होतं. आपण आवाज वाटून घेऊ.' पात्रं मुलांनाच दिली. महिनाभर वर्ग रुसून होता. वर्षाच्या शेवटी वाचायला कुणाचा नंबर, यावर भांडणं होत होती. बाईंची आठवण काही कमी झाली नाही. तिला त्या वर्गात तिची जागा मिळाली, एवढंच.

तुम्हाला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतेय. आपल्या काकू मार्चमध्ये गेल्या. नाव लिहीत नाही, लिहायची गरज नाही. आपल्या मंडळाच्या प्रत्येक आरतीची पहिली ओळ, प्रत्येक दिवाळी पहाटेचं पहिलं पद त्यांचं होतं. पेटीवर नऊ वर्षं मी होते. काकूंची काळी पाच माझ्या बोटांना इतकी पाठ आहे की अजूनही पेटी उघडली की हात आपोआप तिथे जातो. यंदा गणपतीत सुरुवात कुणी करायची यावर कुणालाच बोलवेना, म्हणून कार्यकर्त्यांनी प्रेमाने गेल्या वर्षीचं त्यांचं ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावलं. आपण सगळ्यांनी त्यावर टाळ्या धरल्या. अनेकांचे डोळे भरून आले, माझेही. पण त्या दहा मिनिटांत एकही मूल गायलं नाही, हेही मी पेटीमागून पाहिलं. ध्वनिमुद्रणाबरोबर कुणी गात नाही, लोक ते ऐकतात.

दुसऱ्या दिवशी सोलापूरची ती मुलगी उभी राहिली, जी वर्षापूर्वी इथल्या रुग्णालयात नर्स म्हणून आली. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, आणि लय आपल्यापेक्षा चढी. मला पांढरी चार धरावी लागली आणि माझी बोटं अडखळली. प्रसादाच्या रांगेत दोघीतिघी म्हणाल्या, 'छान गायली, पण काकूंसारखं नाही.' तिने ऐकलं. हसली आणि द्रोण वाटायला गेली.

येत्या दिवाळी पहाटेला पहिलं पद ती गाणार आहे, हे ठरलंय. सप्टेंबरपासून आमची तालीम चालू आहे. काकूंची पदं तिच्या गळ्यावर घालायची नाहीत, असं आम्ही वादकांनी एकमताने ठरवलं. तिने तिच्या आजीकडून शिकलेली दोन भजनं आणली आहेत, आपल्यापैकी कुणीच ती ऐकलेली नाहीत. तबल्याने ठेका बदललाय. आणि मी पेटीवर ती गात असताना गप्प बसायला शिकतेय. ते सगळ्यांत अवघड आहे, हे नऊ वर्षं हात न थांबवलेल्या बाईला विचारा. काकूंचं आवडतं पद कार्यक्रमात आहेच, पण ते शेवटी, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून म्हणायचंय. एका गळ्याने त्याचा भार घेऊ नये.

तेव्हा मंडळी, पहाटे साडेसहाला हॉल उघडेल. बाहेर अंधार असेल, पार्किंग नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला. फराळाचे डबे आत येतानाच स्वयंपाकघरात द्या. पहिलं पद पांढरी चारमध्ये आहे. ती पट्टी पुरुषांनाही सोयीची आहे, त्यामुळे यंदा काकांनी मागे उभं राहून नुसते ओठ हलवायचं कारण नाही.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!